शेवटच्या पायरीवर थांबण्याची रीत

परदेशाविषयीचे ज्ञान हे तेथील मुक्कामाच्या व्यस्त प्रमाणात असते. हा नियम कोणी शोधून काढला याची नोंद नाही. पण तो खोटा ठरल्याचीही नाही. जो माणूस परक्या देशात आठवडाभर राहतो, तो परत येऊन त्या देशावर दोन तास बोलतो. जो आठवड्याहून अधिक राहतो, तो बोलता बोलता मध्येच "अर्थात सगळेच तसे नसतात" असे म्हणतो आणि श्रोत्यांचा विरस करतो. वर्षभर राहिलेल्याला विचारले, तर तो घरभाड्याविषयी बोलू लागतो. आणि दहा वर्षे काढलेल्या माणसाला काहीच सांगता येत नाही.

पूर्वप्रवासी मंडळ याच पायावर उभे आहे. अतिपूर्वेकडच्या एका देशात सहलीला जाऊन आलेल्यांचे हे मंडळ. त्या देशाचे नाव सभासद घेत नाहीत. जुन्या काळी बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, त्याच आदराने ते त्याला 'तिकडे' म्हणतात. 'तिकडे' म्हणताना आवाज खाली येतो आणि डोळे अर्धे मिटतात. त्याच्या पाठोपाठ 'आपल्याकडे' हा शब्द येतो, तेव्हा जीभ टाळूला लावून 'च्च' असा आवाज काढायचा असतो. नव्या सभासदाला हे पहिल्या बैठकीत जमत नाही. दुसऱ्या बैठकीत जमते.

बैठक दर रविवारी सकाळी एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत भरते. पादत्राणे दाराबाहेर काढून, टाचा भिंतीकडे करून, एका रांगेत लावायची. शहरातले सगळे पुरुष एकाच तऱ्हेचे काळे बूट घालत असल्यामुळे पहिल्या वर्षी बऱ्याच जणांची पावले दुसऱ्याच्या बुटातून घरी गेली. वस्तूविषयी मोह नसावा, हे तिकडचे तत्त्व यातून आपोआप साधले, असा खुलासा मंडळाने केला. (मोह सुटलेले बूट बहुधा नवे होते.)

आत खुर्च्या आहेत, पण त्या कोपऱ्यात एकावर एक रचून त्यांवर चादर टाकलेली आहे. बसायचे जमिनीवर, बुटक्या मेजांभोवती. सभासदांचे सरासरी वय एकसष्ट असून दर माणशी चालू स्थितीतले गुडघे सरासरी दीड आहेत. त्यामुळे बैठक वेळेवर संपते, पण उठणे वेळेवर होत नाही. ज्याला उठता येते तो शेजाऱ्याला ओढतो, शेजारी पुढच्याला. "तिकडे नव्वदीची माणसंसुद्धा अशीच बसतात," असे म्हणत सगळे कण्हतात.

चहा कान नसलेल्या कपातून दिला जातो. बोटाला चटका बसला की 'आई गं' म्हणायचे नाही, 'आहा' म्हणायचे. मागे असाच एक कप पडून फुटला, तेव्हा सभासद दंतवैद्यबाईंनी तो दवाखान्यात नेऊन दाढेत भरायच्या सिमेंटने सांधून आणला. तडा गेलेली वस्तू अधिक सुंदर असते, असे तिकडे मानतात. हा कप पाहून त्या महिन्यात सभासदांच्या घरी बरेच नवे कप मुद्दाम फोडण्यात आले. एक कप सासूबाईंचा होता. ते घर अजून सांधलेले नाही.

सभासदांची ज्येष्ठता अर्थातच वर सांगितलेल्या नियमाने ठरते. दंतवैद्यबाई सहा रात्री राहिल्या होत्या, म्हणून त्या उपाध्यक्ष. निवृत्त शिक्षक असलेले गुरुजी मुलाकडे म्हणून गेले आणि पंधरा दिवस राहून बसले, म्हणून ते साधे सभासद. त्यांना प्रश्न विचारण्याची परवानगी आहे, उत्तर देण्याची नाही. अध्यक्षपद पहिल्यापासून एका फरश्यांच्या आणि नळांच्या व्यापाऱ्याकडे आहे. तिसऱ्याच देशाला जाताना विमान बदलण्यासाठी ते तिकडच्या विमानतळावर नऊ तास बसून होते. बाहेर पडले नाहीत. त्या नऊ तासांत त्यांनी तिकडच्या संस्कृतीचे स्वच्छतागृहाच्या बाजूने जे दर्शन घेतले, त्यावर त्यांची आजवर चाळीस व्याख्याने झाली आहेत. गावावरून आडनाव पडते, त्या न्यायाने सगळे त्यांना विमानतळकर म्हणतात. ते प्रसन्न होतात.

यंदा मंडळाने तिकडे सामुदायिक सहल काढायचे ठरवले आणि संघप्रमुख हवा, अशी सूचना फलकावर लावली. संघप्रमुखाचा प्रवास मोफत. तिसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या.

नर्सबाई तिकडे अकरा वर्षे होत्या. एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवणे, बसवणे, न्हाऊ घालणे, औषधे देणे हे त्यांचे काम. वडील आजारी पडले म्हणून त्या परत आल्या. वडील बरे झाले (आता ते पूर्वीसारखेच चिडतात), पण तोवर तिकडची नोकरी गेली आणि राहण्याचा परवानाही संपला. मागे राहिल्या त्या एक आजी. एक्क्याण्णव वर्षांच्या, जवळचे कोणी नसलेल्या, अकराही वर्षे नर्सबाईंच्याच हाताने जेवलेल्या. निरोप घ्यायला वेळ मिळाला नव्हता. आजी अधूनमधून आश्रमाच्या फोनवरून बोलायच्या. गेल्या खेपेला म्हणाल्या, "तू येईपर्यंत मी थांबते. पण फार उशीर करू नकोस, मला थांबायची सवय नाही." नर्सबाईंना एकदा जाऊन यायचे होते. तिकिटाइतकी ऐपत नव्हती. एवढीच गोष्ट होती.

मुलाखत दंतवैद्यबाई आणि विमानतळकर यांनी घेतली. गुरुजी प्रश्न विचारण्यापुरते हजर होते.

"तिकडे कोणी कोणाशी मोठ्यानं बोलत नाही," विमानतळकर म्हणाले. "बरोबर?"

"बोलतात की! आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा अशा ओरडल्या, की तारेवरचे कावळे उडाले."

"कोणावर?"

"माझ्यावर. कचऱ्याची पिशवी भलत्याच दिवशी ठेवली होती मी."

विमानतळकरांनी दंतवैद्यबाईंकडे पाहिले. दंतवैद्यबाईंनी आवाजात मध घातला. "गाड्यांचं सांगा ना. एका मिनिटाचाही उशीर नाही!"

"होतो कधी कधी. मग स्टेशनात चिठ्ठी देतात, कामावर दाखवायला."

"म्हणजे उशीर होतो?"

"गाडीच आहे ती, बाई."

"बरं, निसर्ग," विमानतळकर म्हणाले. "फुलं उमलली की तिकडची माणसं झाडाखाली मूक बसतात."

"बसतात. पण मूक नाही. चटई टाकतात, खातात, पितात, गाणी म्हणतात. एका वर्षी आमच्या मॅनेजरला दोघांनी धरून घरी पोचवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सगळ्यांना वेळेवर यायला सांगितलं."

"थोडक्यात," दंतवैद्यबाई म्हणाल्या, "तिकडची माणसं कशी आहेत, एका वाक्यात?"

नर्सबाईंनी विचार केला. प्रामाणिक माणसाला एका वाक्यासाठी लागतो तेवढा वेळ त्यांना लागला. "माणसं आहेत हो. काही फार चांगली, काही किरकिरी."

मंडळाने शेरा दिला: उमेदवारास तिकडची पुरेशी माहिती नाही.

नर्सबाई घरी आल्या, तेव्हा त्यांची आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"झालं?"

"नाही झालं. मला तिकडचं काही कळत नाही म्हणे."

आईने उशीचा अभ्रा झटकला. "काय काय सांगितलंस?"

"जे आहे ते."

"जे आहे ते कोणी विचारलं होतं? अगं, तुझ्या वडिलांचं स्थळ आलं तेव्हा 'मुलगा शांत आहे' असं सांगितलं होतं मला. जे आहे ते सांगितलं असतं, तर तू झाली असतीस का?"

"पण आई, खोटं कसं बोलू?"

"खोटं नाही बोलायचं. प्रश्नातच उत्तर असतं बघ. ते उचलायचं, पुसायचं, थोडी साखर भुरभुरायची आणि ज्याचं त्याला परत द्यायचं. आणि त्यांच्या माहितीत नसलेलं एखादं सांग. मोठी माणसं तेवढ्यावर फसतात."

आतून वडील ओरडले, "माझं नाव घेतलंस का गं?"

"शांत आहात, म्हणून सांगत होते," आई म्हणाली.

दुसऱ्या मुलाखतीची वेळ येण्याचे कारण मंडळाला खुपणारे होते. सहल कंपनीने अट घातली, की संघात निदान एकाला तरी तिकडची पाटी वाचता आली पाहिजे. सभासदांपैकी कोणालाच ती वाचता येत नव्हती. (भाषा येत नसली की संस्कृती अधिक शुद्ध कळते, असे मंडळाचे मत आहे, पण कंपन्या व्यवहारी असतात.) नर्सबाईंना पुन्हा बोलावणे गेले.

"तिकडची शांतता," विमानतळकरांनी थकल्या आवाजात सुरुवात केली.

"काय सांगू! कधी कधी ती ऐकायला म्हणून लोक बोलायचे थांबतात."

विमानतळकर सरसावून बसले. "आणि गाड्या?"

"गाडीला कधी उशीर होत नाही. झालाच तर घड्याळाला होतो."

दंतवैद्यबाईंनी डोळे मिटून घेतले. रुग्णाने तोंड पुरेसे उघडले की त्यांना असेच बरे वाटते.

"आता आम्हाला ठाऊक नाही असं काही," विमानतळकर म्हणाले. हा प्रश्न त्यांनी आजवर कोणालाही विचारला नव्हता, कारण असे काही असेल असे त्यांना वाटले नव्हते.

नर्सबाईंनी इकडेतिकडे पाहिले. खोलीच्या दारातून खाली जाणारा अरुंद जिना दिसत होता. त्यावरून त्यांना आश्रमाचा जिना आठवला. लिफ्ट असताना आजी हट्टाने जिन्याने उतरायच्या, नर्सबाईंचा दंड धरून, आणि शेवटच्या पायरीवर येऊन थांबायच्या. गुडघा दुखायचा.

"तिकडे," त्या म्हणाल्या, "जिना उतरताना शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबतात."

"का?"

'गुडघा' हा शब्द ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात डोळ्यांपुढे आई आली, हातात अभ्रा घेऊन. "कारण उतरणं आता संपत आलेलं असतं," नर्सबाई म्हणाल्या.

दंतवैद्यबाईंनी डोळे उघडले.

"यासाठी त्यांच्या भाषेत एखादा शब्द असेलच," दंतवैद्यबाई कुजबुजल्या.

"नाही हो. शब्द नाही."

"शब्दच नाही!" विमानतळकर म्हणाले. "म्हणजे किती खोल असेल बघा."

मग एकेकाला आठवू लागले. दंतवैद्यबाईंनी हे प्रत्यक्ष पाहिले होते, मुक्कामाच्या दुसऱ्याच रात्री. हॉटेलच्या जिन्यावर एक गृहस्थ थांबले होते, तेव्हा त्यांना वाटले की ते खिशात किल्ली शोधताहेत. विमानतळकरांनीही पाहिले होते. "पण विमानतळावर सरकता जिना. त्या बिचाऱ्यांना थांबता येत नव्हतं. चेहऱ्यावर ती कळ दिसत होती."

"मला नाही दिसलं कधी," गुरुजी म्हणाले.

"पंधरा दिवस राहिलात, गुरुजी," विमानतळकर मायेने म्हणाले. "दिसणार कसं?"

संघप्रमुखपदी नर्सबाईंची निवड एकमताने झाली.

सहलीत काय काय पाहिले याचा तपशील मंडळाच्या इतिवृत्तात आहे. त्यातली मुख्य नोंद दुसऱ्या दिवशी सकाळची, स्टेशनावरची. ऑफिसची वेळ होती. संघ रुंद जिना उतरला, आणि शेवटच्या पायरीवर सगळेच्या सगळे सभासद एका ओळीत थांबले. त्यांच्या मागची माणसे थांबली. त्यांच्या मागची थांबली. वरपर्यंत सबंध जिना निःशब्द उभा राहिला, हातात बॅगा, नजर खाली.

"पाहिलंत?" विमानतळकर म्हणाले. "सगळे थांबले! लहानथोर सगळे!"

टोपी घातलेला एक कर्मचारी धावत आला, कमरेत वाकला आणि काहीतरी म्हणाला. पुन्हा वाकला, पुन्हा म्हणाला.

"काय म्हणतात?" दंतवैद्यबाईंनी विचारले.

तो 'कृपा करून पुढे सरका' म्हणत होता. नर्सबाईंना एकदम खोकला आला. तो आवरून त्या म्हणाल्या, "'आपला क्षण झाला असेल, तर पुढे यावं,' म्हणतात."

संघ पुढे आला. मागून तिकडची जनता लोंढ्याने धावत सुटली. क्षण हुकू नये म्हणून ती घाई होती, असे इतिवृत्त म्हणते.

पाचव्या दिवशी दुपारच्या कार्यक्रमात नर्सबाईंनी लिहिले होते: 'शेवटच्या पायरीचे मूळ स्थान'. ते स्थान म्हणजे तो आश्रम. सभासद खालच्या दालनात भिंतीलगत बसले. टीव्हीवर कुस्ती चालली होती, आवाज मोठा होता, आणि दोन म्हातारे रिमोटसाठी एकमेकांचे मनगट धरून बसले होते. गोंगाटातही आतून शांत कसे राहावे याचा हा अभ्यास आहे, असे विमानतळकरांनी इतरांना समजावले. एका म्हाताऱ्याने दुसऱ्याला कोपर मारले. "बघा, किती संयम," ते म्हणाले.

नर्सबाई वर गेल्या. बऱ्याच वेळाने जिन्यावर दोघी दिसल्या. आजी आता फारच लहान झाल्या होत्या; अंगातला स्वेटर त्यांना नेतोय असे वाटत होते. एक पाय, मग दुसरा, मग दम. संघ उठून उभा राहिला. ज्यांना पटकन उठता येत नव्हते त्यांना शेजाऱ्यांनी ओढले. हात आपोआप जोडले गेले.

शेवटच्या पायरीवर आजी थांबल्या.

दालनात कुस्तीखेरीज कसलाही आवाज नव्हता. दंतवैद्यबाईंच्या डोळ्यांना पाणी आले. पुढचे बोलणे तिकडच्या भाषेत झाले, त्यामुळे मंडळाच्या दप्तरी त्याची नोंद नाही.

"हे कोण लोक?"

"आमच्याकडचे. तुमच्याकडचं बघायला आलेत."

"इथे काय आहे बघण्यासारखं?"

"तुम्ही."

"आधी सांगायचं ना! केस तरी विंचरले असते."

नर्सबाई हसल्या. आजी काही पुढे पाऊल टाकेनात. नेहमीपेक्षा जास्त वेळ झाला.

"दुखतोय का गुडघा? उतरायचं ना आता?"

आजींनी त्यांचा दंड घट्ट धरला. "उतरले की तू जाशील."

उमेदवाराने दुसऱ्या मुलाखतीत दिलेले उत्तर बनावट होते, हे मंडळाला आजवर कळलेले नाही. ते खरे निघाले, हे नर्सबाईंनी कोणाला सांगितलेले नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या, जिन्यावर, आजींच्या जोडीने, आणि कोणालाच कसली घाई नव्हती.

"नर्सबाई," भिंतीजवळून गुरुजींनी हळूच विचारले, "त्यांचा गुडघा दुखतोय का हो?"

"गुरुजी," विमानतळकर ओठ न हलवता म्हणाले, "तुमचा मुक्काम वाढत चाललाय."

त्या संध्याकाळी संघ चहा घेऊन हॉटेलवर परतला. नर्सबाई आजींना भरवायला मागे राहिल्या. दुसऱ्या दिवशी आजींनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितले, की नर्सच्या देशातली माणसे फार निराळी. म्हातारे माणूस जिना उतरू लागले की तिथे सगळे उठून उभे राहतात, हात जोडतात, रडतात. "आमच्याकडे राहिलंय का असं काही?" असे म्हणून त्यांनी जीभ टाळूला लावून एक आवाज काढला. त्यांची आणि संघाची ओळख सुमारे अर्ध्या तासाची. नियम तिकडेही लागू आहे असे दिसते.

संघ परत आला, तेव्हापासून ही रीत शहरात रुजते आहे. शिंप्याच्या दुकानाचे दार जिन्याच्या अगदी तोंडाशी असल्याने रविवारी त्याची गिऱ्हाइके आणि थांबलेले सभासद यांच्या टकरा होतात; कपाळावरच्या टेंगळाचे माप शिंपी घेत नाही. तीन कचेऱ्यांत जेवणाच्या सुट्टीला जिना तुंबतो. एका शाळेने शेवटच्या पायरीवर पिवळी रेघ मारली आहे. आजी ठीक आहेत. पुढच्या वर्षीच्या सहलीची त्यांनी दोनदा चौकशी केली आणि नर्सबाई या वेळी बिनविरोध आहेत.

मात्र मंडळापुढे एक पेच आहे. सहलीहून आल्यावर विमानतळकरांचे एक्केचाळिसावे व्याख्यान झाले. विषय नेहमीचा, सभागृह भरलेले. बोलता बोलता ते मध्येच अडले, त्यांनी टेबलावरच्या पाण्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अर्थात, सगळेच तसे नसतात."

सभासदांनी माना खाली घातल्या. त्याच दिवशी विमानतळकरांनी राजीनामा दिला. आठवडाभराच्या मुक्कामाने नऊ तासांचे ज्ञान धुऊन नेले, यात त्यांचा दोष नाही. आता ते गुरुजींशेजारी बसतात आणि प्रश्न विचारतात.

अध्यक्षपद तेव्हापासून रिकामे आहे. नियमाने पाहिले, तर नऊ तासांहून कमी मुक्काम असलेलाच माणूस चालेल, आणि शून्य मुक्काम असेल तर ज्ञान पूर्णच म्हणायचे. अर्ज मागवण्यात आलेले नाहीत, गरज नाही. तिकडे कधीही न गेलेले, आणि ही हकीकत वाचताना तिकडे नेमके काय असते आणि काय नसते हे ठिकठिकाणी मनाशी ठरवून मोकळे झालेले असे बरेच जण मंडळाच्या नजरेत आहेत. आपले अभिनंदन. येत्या रविवारी सकाळी यावे. पादत्राणे, टाचा, कान नसलेला कप, हे सगळे आपणास माहीत आहेच. खोली वरच्या मजल्यावर आहे. परत जाताना शेवटच्या पायरीवर किती वेळ थांबायचे, तेही सांगायला नको.